तुला स्नेअर न देता तिसरा बेस ड्रम का दिला

आधी तुझा प्रश्न नीट मांडतो. पुण्यात शाळेपासून तबला, मग पथकात ताशा. इंजिनिअरिंगला अमेरिकेत आलास आणि पहिल्याच वर्षी विद्यापीठाच्या मार्चिंग बँडच्या ड्रमलाइनमध्ये, म्हणजे चालत ड्रम वाजवणाऱ्या रांगेत, निवडही झाली. ऑडिशनला स्नेअरवर, म्हणजे दोन काड्यांनी वाजवायच्या चढ्या, कडक आवाजाच्या ड्रमवर, तुझ्याइतका तयार हात कुणाचाच नव्हता, तरी तुझ्या खांद्यावर तिसरा बेस ड्रम चढवला. गेल्या शनिवारी फुटबॉल सामन्याच्या हाफटाइमला तू दोन जागी जराशी भर घातलीस, लाइन विस्कटली आणि सेक्शन लीडर मुलीने सगळ्यांदेखत सुनावलं, "तू छान वाजवतोस, पण आमच्याबरोबर वाजवत नाहीस." आता तू विचारतोस की बाकीच्यांना झेपावं म्हणून मी माझं वाजवणं खाली आणू का, की सरळ सोडून देऊ?

दोन्ही नको. मी सांगलीत तबल्यावर वाढलो, इथे मिडवेस्टमध्ये कॉलेजच्या लाइनमध्ये वाजवलं आणि आता बरीच वर्षं अशाच लाइन तयार करतो. त्यामुळे तुझा हात कुठून आलाय आणि नेमका कुठे अडतोय हे मला दिसतं. तुला कुणी ना कुणी सांगेलच, की टीममध्ये अहंकार बाजूला ठेवावा, मन मोठं करावं वगैरे. ते ऐकून सोडून दे. मनाने दिलदार पण लाइनमध्ये कायम पुढे पळणारी मुलं मी भरपूर पाहिली आहेत, आणि कुणाशी धड बोलत नाहीत पण केसभरही हलत नाहीत अशीही पाहिली आहेत. लाइनमध्ये वाजवणं ही हाताची आणि कानाची वेगळी विद्या आहे. ती तुला अजून आलेली नाही. एकट्याने वाजवून ती येतही नाही, म्हणून यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बेस लाइन कशी चालते ते बघ. पाच ड्रम, पहिला सगळ्यात लहान आणि चढा, पाचवा सगळ्यात मोठा आणि खर्ज. स्नेअरवाले सगळे एकसारखंच वाजवतात, टेनरवालेही (टेनर म्हणजे एकत्र बांधलेले लहान ड्रम). बेसचं तसं नाही. एकच ओळ पाच जणांत वाटलेली असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यातले मोजके ठोके येतात. त्याला स्प्लिट म्हणतात हे तुला एव्हाना कळलंच आहे. समज, लय मिनिटाला १५० मात्रांची आहे. एका मात्रेत चार ठोके आणि ते वरून खाली उतरतात: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि पुढच्या मात्रेवर पाचवा. १५० च्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर बरोबर एक दशांश सेकंद येतं. तुझा ठोका मात्रेच्या ऐन अर्ध्यावर. मात्रा तुझी नाही, शेवटही तुझा नाही. आधी दुसऱ्याने वाजवलेलं असतं आणि नंतर चौथा वाजवणार असतो.

आता तू उत्साहाच्या भरात फक्त ०.०२ सेकंद आधी वाजवलंस. एकट्याने वाजवताना हे कुणाच्या कानावरही येत नाही. इथे काय होतं? दुसरा आणि तिसरा यांच्यात ०.०८ सेकंद उरतात आणि तिसरा व चौथा यांच्यात ०.१२. स्टँडमध्ये बसलेल्या प्रेक्षकाला वाटतं चौथा उशिरा आला. चूक तुझी आणि नाव त्याचं. चौथ्यालाही तसंच वाटतं, म्हणून पुढच्या वेळी तो घाई करतो, मग पाचवा त्याच्या मागे पळतो आणि चार मात्रांत अख्खी लाइन घरंगळते. शनिवारी तुमच्याकडे हेच झालं असणार. व्हिडिओ न बघताही मी पैज लावायला तयार आहे की मुलीच्या लक्षात आधी चौथ्याची गडबड आली आणि मग तिने ती तुझ्यापर्यंत मागे शोधत आणली. त्यासाठी चांगला कान लागतो. तिच्यावर रागावण्याआधी याचा विचार कर.

तू घातलेली भर ही वेगळी गोष्ट, आणि ती कुठून आली हे मला नेमकं ठाऊक आहे. पथकात ताशा पुढे असतो. ताशाच्या इशाऱ्यावर हात, म्हणजे वाजवण्याची चाल, बदलतो, ढोल तो उचलतात, आणि ढोलांचा ठेका एकदा बसला की वर तर्री, म्हणजे जलद सलग ठोक्यांची थरथर, घ्यायची, मधल्या जागा भरायच्या, लोकांच्या अंगावर काटा आणायचा, हे ताशेवाल्याचं कामच आहे. जागा रिकामी ठेवली तर पथकप्रमुख विचारेल, हात दुखतोय का म्हणून. शिवाय पन्नास ढोलांत एखादा किंचित मागे पडला तरी नाद फक्त रुंद होतो, बिघडत नाही. या सगळ्या सवयी तिथे गुण आहेत आणि स्प्लिटमध्ये अवगुण ठरतात. तुला दिसणारी मोकळी जागा मोकळी नसतेच, तिथे चौथ्याचा ठोका यायचा असतो. तू तिथे काही घातलंस की दोन ठोके एकमेकांवर आदळतात आणि ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. तबल्याचंही थोडं तसंच. साथीला बसलेला तबलजी गायकाबरोबर लय जराशी सैल सोडतो, आवळतो, समेवर येऊन मिळतो. ती मिळण्याची जागा लांब असते, म्हणून मधे खेळता येतं. बेस लाइनमध्ये दर ठोक्याला सम आहे असं समज.

बाकी राहिला मैदानाचा प्रश्न, आणि त्याकडे नवे वादक सगळ्यात उशिरा लक्ष देतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. अमेरिकन फुटबॉलचं मैदान एका गोललाइनपासून दुसऱ्या गोललाइनपर्यंत १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटरच्या वर. एका टोकाचा ट्रंपेट दुसऱ्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. १५० च्या लयीत मात्राच ०.४ सेकंदांची आहे, म्हणजे तो ट्रंपेट तुझ्या कानावर पडेपर्यंत दोनतृतीयांश मात्रा सरलेली असते. कान मोकळे सोडून सगळ्यांशी जुळवून घ्यायला गेलास तर तू हमखास चुकणार. इथे कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही हे ठरलेलं असतं. पुढे उभा असलेला मागच्याचं ऐकून वाजवतो. मागचा पुढच्याचं ऐकत नाही. फुंकून वाजवायची वाद्यं मागे असलेल्या ड्रमलाइनकडे कान ठेवतात, ड्रमलाइन सेंटर स्नेअरकडे, म्हणजे स्नेअरच्या रांगेतल्या मधल्या वादकाकडे, ठेवते, आणि सेंटर स्नेअर डोळे ड्रम मेजरच्या, म्हणजे समोरून बँड चालवणाऱ्याच्या, हातांवर ठेवतो.

तुम्हा बेसवाल्यांची यात आणखी एक अडचण. ड्रमचं पान प्रेक्षकांकडे राहावं म्हणून तुम्ही आडवे वळून चालता. समोर शेजाऱ्याची पाठ, ड्रम मेजर डोळ्याच्या कोपऱ्यात दिसला तर दिसला. पहिला आणि पाचवा यांच्यात सहज आठ मीटर अंतर पडतं. म्हणजे पाचव्याचा ठोका पहिल्याला ०.०२ सेकंद उशिराच ऐकू येतो. वर आपण ज्या चुकीने लाइन मोडते म्हणालो, तेवढंच हे अंतर. म्हणून शेवटी उरतात पाय. पाच यार्डांना आठ पावलं, म्हणजे दर पावलाला साडेबावीस इंच, ही शिस्त कवायत सुंदर दिसावी म्हणून आहेच, पण ड्रमवाल्यांसाठी ती त्याहून मोठ्या कामाची आहे. पाय हा तुमचा सगळ्यांचा एकच लेहरा, तबल्याच्या सोलोला लय धरून ठेवणाऱ्या सुरावटीसारखा. पाय मात्रेवर पडला की तुझा ठोका दोन पावलांच्या बरोबर मध्यावर यायला हवा, मग कानाने काहीही सांगू दे. तुझे हात बघता मला शंका आहे की तुझे पाय हातांच्या मागून चालतात. बसून वाजवणाऱ्या बहुतेकांचं तसंच होतं, आणि पथकातली चाल इतकी संथ असते की ते तिथे उघडं पडत नाही.

हे शिकायला तिसऱ्या ड्रमसारखी जागा नाही. पहिल्याला ओळी सुरू करायच्या असतात आणि सगळ्यात बारीक, जलद काम त्याच्याकडे असतं. पाचव्याच्या वाट्याला ठोके कमी आणि वजन जास्त. तिसरा मधे. वरून येणारी ओळही त्याच्यातून जाते, खालून येणारीही. तुला तिथे बसवणाऱ्याने तुझा वेग नक्की पाहिला असणार, आणि त्याबरोबर तुला काय येत नाही हेही पाहिलं असणार. मी असतो तरी तुला तिथेच टाकलं असतं. तुझ्याहून हळू वाजवणारी मुलं स्नेअरवर आहेत याची तुला चीड येते, तर एकदा त्यांच्या काड्यांच्या टोकांकडे बघ. तीन इंच म्हटलं की सगळ्यांच्या काड्या तीनच इंच उठतात, नऊ म्हटलं की नऊ. काडी जितकी वर, तितका आवाज मोठा. म्हणजे उंची जुळली की आवाजही आपोआप जुळतो. आठ जणांचा एकच ड्रम ऐकू येतो तो त्यामुळे. तू पाठवलेल्या क्लिपमध्ये उजवी काडी डावीपेक्षा सारखी वर जाते. एकट्याने वाजवताना ते डौलदार दिसतं. आठांच्या रांगेत तुझाच उजवा हात वेगळा ऐकू आला असता.

आता काय करायचं ते सांगतो. तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी इथल्या मुलांकडे नसते: पढंत. तबल्यात कायदा (बोलांची ठरावीक रचना) हाताने वाजवायच्या आधी तोंडाने म्हणतोस ना, तसं. पूर्ण स्प्लिट, पाचही जणांचं, तोंडाने म्हण. प्रत्येक ड्रमला एक अक्षर ठरव, काहीही चालेल, ता दिं ना धा गे. पाय जागच्या जागी चालू ठेव, तोंडाने अख्खी ओळ, आणि हाताने फक्त तुझा ठोका मांडीवर. सुरुवातीला ९० च्या लयीत. पहिल्या दिवशी तुझा हात तोंडातल्या प्रत्येक अक्षराला हलू पाहील, ते थोपवणं हाच अभ्यास आहे. मग दुसऱ्याचं आणि चौथ्याचं पाठांतर असं कर की त्यांच्यापैकी कुणी आजारी पडला तर तुला वाजवता यावं. शेजाऱ्याचे ठोके स्वतः वाजवून पाहिले की ते कुठे अवघड आहेत हे कळतं, आणि मग तिथे तू त्याला आधार देतोस. एका मुलाला मी असंच महिनाभर शेजाऱ्याचा भाग वाजवायला लावला होता. त्याने तोंड वाकडं केलं, पण पुढे सेंटर स्नेअर तोच झाला.

दुसरं, एट्स. दर हाताने आठ ठोके, हात बदला, पुन्हा आठ. वॉर्मअपला रोज वाजवता तेच. तुला ते बालवाडीतलं वाटतं हे तुझ्या लिहिण्यातूनच कळतं, "अर्धा तास नुसते एट्स" असं तू वैतागून लिहिलंयस. ४० रुडिमेंट्स (ड्रमचे पायाभूत बोल) पाठ असलेली मुलं एट्समध्येच उघडी पडतात, कारण तिथे लपायला काही नाही. पुढच्या वेळी मनात एकच प्रश्न ठेव: माझा आवाज मला वेगळा ऐकू येतोय का? येत असेल तर काहीतरी जुळत नाहीये. वेळ, उंची, मॅलेट (बेस ड्रमची गोळा लावलेली काडी) पानावर पडण्याची जागा किंवा हाताचं वजन, या चारांतलं काहीतरी. शोध कुठलं ते. तुझा ड्रम तुला ऐकूच येईनासा होईल आणि फक्त लाइन ऐकू येईल, तेव्हा तू बरोबर वाजवतोयस.

तिसरं, फोन. रिहर्सलला फोन तुझ्यासमोर न ठेवता लाइनसमोर पंधरा-वीस मीटरवर ठेव. ड्रमच्या मागून ऐकलेलं आणि स्टँडमधून ऐकलेलं यांचा काही संबंध नसतो.

सेक्शन लीडरशी बोल. लांबलचक माफी नको आणि स्पष्टीकरण तर अजिबात नको. "शनिवारी मी भर घातली, पुन्हा घालणार नाही. मी पुढे पळतो का मागे पडतो, तुला काय ऐकू येतं?" एवढंच विचार. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. तिला तू कान म्हणून वापरतोयस हे तिला कळेल, आणि ती उत्तर देईल. सगळ्यांदेखत बोलल्याचं तुला लागलं, ते समजतं. आपल्याकडे उस्तादही शिष्याला चारचौघांत बोलतात, पण तिथे नातं आधी बनलेलं असतं. इथल्या रिहर्सलमध्ये नाव घेऊन चूक सांगणं रोजचंच आहे. पाच मिनिटांनी तीच मुलगी तुझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन येईल, आणि तिला आधीचं आठवतही नसेल.

मात्र एक सीमारेषा लक्षात ठेव. वाजवण्याबद्दल कितीही कडक बोललं तरी ते शिकवणं आहे. "आमच्यातला व्हायचं तर हे सोस" असं म्हणून मारहाण, जबरदस्तीने दारू पाजणं, रात्री-बेरात्री बोलावणं, असलं काही झालं तर ते टीमवर्क नाही आणि ते गुपचूप सोसायचंही नाही. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा मार्चिंग १०० हा अमेरिकेतल्या सर्वांत नामांकित बँडांपैकी एक. विल्यम पी. फॉस्टर यांनी १९४६ पासून तो उभा केला, आणि १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या पॅरिसमधल्या संचलनात त्याने अमेरिकेचं प्रतिनिधित्व केलं. त्याच बँडच्या ड्रम मेजरचा नोव्हेंबर २०११ मध्ये सहकाऱ्यांनी बसमध्ये केलेल्या मारहाणीत मृत्यू झाला. बँड स्थगित झाला आणि २०१३ मध्येच पुन्हा मैदानावर आला. असं काही दिसलं तर थेट बँड डायरेक्टरकडे किंवा विद्यापीठाकडे जा. तू लिहिलेल्यात तसं काही मला दिसलं नाही, पण तू या देशात नवा आहेस म्हणून सांगून ठेवलं.

त्या बँडवरून आठवलं. तू लिहिलंस की दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांतले ड्रमवादक काड्या फेकतात, नाचतात, सोलो घेतात, मग आमच्याकडेच एवढी कैद का? ग्रॅम्बलिंग, सदर्न, जॅक्सन स्टेट, हे बँड जरूर बघ. त्यांचा ठसका आमच्या मिडवेस्टच्या बँडांत नाही हे मी खुशाल मान्य करतो. पण बघताना एकाच वादकावर नजर ठेवू नकोस, अख्खी रांग बघ. काडी हवेत जाते तेव्हा सगळ्यांची जाते, आणि पडते तेव्हाही सगळ्यांच्या हातात एकाच मात्रेवर पडते. तिथली मोकळीकही बसवलेली असते. सोलो असेल तर तो किती मात्रांचा आणि बाकीचे तेवढ्यात काय धरून ठेवणार हे आधी ठरतं. तुलाही तसं हवं असेल तर माग. स्टँडमध्ये बसून वाजवायची गाणी आणि पार्किंग लॉटमधलं वॉर्मअप, या जागा थोड्या सैल असतात. तिथे आठ मात्रांचा एखादा ताशाच्या चालीचा तुकडा बसवू का, असं लीडरला विचार. लिहून घेऊन जा आणि पाचही जणांत वाटून लिही. तर्री पाच बेस ड्रमांत वाटायची कशी, हे डोकं चालवून बघच एकदा. तुझ्या लाइनला ते आवडेल असं मला वाटतं, आणि तुलाही कळेल की दुसऱ्यासाठी जागा सोडून लिहिणं किती अवघड असतं.

स्नेअरचं म्हणशील तर बहुतेक बँडमध्ये पुढच्या हंगामाची निवड वसंतात किंवा उन्हाळ्यात पुन्हा होते. काही ठिकाणी तर हंगामातही जागा पणाला लागते. ओहायो स्टेटच्या बँडमध्ये राखीव वादक जागा असलेल्याला आव्हान देऊ शकतो आणि तिथे वाजवण्याबरोबर चालणंही तपासलं जातं. तुमच्याकडे कसं आहे ते विचारून घे. ट्रॅडिशनल ग्रिप (डाव्या हातात काडी तळवा वर ठेवून आडवी धरायची पद्धत) लागत असेल तर डाव्या हाताची तयारी आत्तापासून सुरू कर. तबल्यावरचा डग्ग्याचा हात तिथे काहीही मदत करणार नाही, हे आधीच सांगतो. वर्षभर तिसरा बेस नीट सांभाळलेला मुलगा स्नेअरला आला की आम्ही शिकवणारे त्याच्याकडे आधी बघतो, कारण त्याला मात्रेचा मध्य कुठे आहे हे माहीत असतं.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आहे, तर परीक्षांच्या आठवड्यात रिहर्सल कुठल्या आहेत ते आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेव आणि अडचण असेल तर आधी कळव, आदल्या रात्री नको. ड्रमचा हार्नेस, म्हणजे ड्रम अंगावर अडकवायचा सांगाडा, उंचीला नीट बसवून घे. तो सैल राहिला की ओझं सगळं कमरेवर येतं. आणि इयरप्लग घाल, रोज. १०० डेसिबलला कानाची सुरक्षित मर्यादा दिवसाला १५ मिनिटांची धरतात आणि ड्रमलाइन त्याच्या वर सहज जाते. पथकात आपण कापसाचे बोळे घालून भागवायचो, त्याने काही होत नाही. संगीतवाल्यांसाठीचे चांगले प्लग घे, तीस-चाळीस डॉलरला मिळतात. त्यातून शेजाऱ्याचा ठोका उलट जास्त स्वच्छ ऐकू येतो.